बिछान्यापासून लाटेपर्यंत किती पावले?

बार्शीहून कोणत्याही दिशेने निघालो तरी समुद्र जवळ नाही. पश्चिमेला कोकणचा किनारा गाठायचा तर सह्याद्रीचा घाट उतरावा लागतो. पूर्वेचा उपसागर तर त्याहूनही दूर. त्यामुळे आपल्या भागातील आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या पिढीने समुद्र पाहिला तो बहुधा तीर्थयात्रेत. रामेश्वर, जगन्नाथपुरी, द्वारका. स्नान झाले, दर्शन झाले की गाडी पकडून परत. प्रवासात हाल व्हायचेच, हे या पिढीने गृहीत धरले होते. किंबहुना थोडे सोसल्यावाचून यात्रेचे पुण्य पदरात पडत नाही, अशीच समजूत होती. बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद डब्यात बसून ज्यांनी कुर्डुवाडी गाठली आणि तेथून मोठी गाडी पकडली, त्यांना प्रवासातल्या सोसण्याचे कौतुक सांगण्याची गरज नाही.

आता त्यांचीच मुले म्हणतात, "यात्रा पुष्कळ झाल्या, चार दिवस समुद्रकाठी नुसते बसू या." आणि असा विचार निघाला की मराठी घरांत हमखास पुढे येणारे नाव म्हणजे अंदमान. तरुणांना तेथील निळे पाणी आणि पांढरी वाळू खुणावते; वडीलधाऱ्यांना सेल्युलर कारागृहातली एक कोठडी पाहायची असते. एकाच प्रवासात मुलांची सुट्टी आणि आजोबांची यात्रा दोन्ही साधते. विमानाची तिकिटे काढली जातात, आणि मग शेवटी, बहुतेकदा घाईघाईत, उतरण्याची जागा ठरते. वृद्धांच्या दृष्टीने पाहिले तर हा क्रम उलटा असायला हवा.

सुंदर बेट आणि चुकीची खोली

समुद्राकाठी विश्रांतीसाठी जाण्याची चाल युरोपात जुनी आहे. विख्यात संगीतकार फ्रेडरिक शोपँ १८३८ च्या नोव्हेंबरात भूमध्य समुद्रातील मायोर्का बेटावर गेला. छातीच्या दुखण्याला तेथील उबदार हवा मानवेल, अशी आशा होती. सोबत लेखिका जॉर्ज साँ आणि तिची दोन मुले होती. बेट रमणीय होते यात शंका नाही; पण मुक्काम पडला तो डोंगरातल्या वाल्देमोसा गावच्या एका जुन्या मठात. पावसाळी हिवाळा, गारठा आणि ओल यांनी दुखणे बळावले, आणि १८३९ च्या फेब्रुवारीत मंडळींनी बेट सोडले. बेटाची निवड करताना त्यांनी हवेचा विचार केला होता. खोलीचा विचार मात्र राहून गेला होता.

आपल्याकडे आजही हेच घडते. रिसॉर्टच्या छायाचित्रांत समुद्र दिसतो, नारळ दिसतात, झोपाळा दिसतो. स्नानगृहाचा उंबरठा कुठल्याच छायाचित्रात दिसत नाही. ज्येष्ठांना घेऊन समुद्रकाठी जाणाऱ्याने म्हणून तीन मापे हाताशी ठेवावीत. पहिले माप, बिछान्यापासून लाटेपर्यंत किती पावले आणि किती पायऱ्या. दुसरे, त्या लाटेपासून डॉक्टरपर्यंत किती वेळ. तिसरे माप सहसा कोणाच्या मनात येत नाही: ज्याला पाण्यात उतरायचे नाही, त्याला दिवसभर बसायला सावली आणि पाठ टेकण्याजोगी खुर्ची आहे का? पहिले माप स्वातंत्र्याचे आहे, दुसरे सुरक्षिततेचे आणि तिसरे सन्मानाचे. माझे वडील एक्क्याऐंशी वर्षांचे, गुडघ्यांनी थकलेले, आई मधुमेही. या दोघांना घेऊन गेल्या फेब्रुवारीत मी अंदमानला गेलो, तेव्हा याच तीन मापांनी प्रत्येक मुक्काम ठरवला.

पोर्ट ब्लेअर: गाव चढउताराचे, पण आधाराचे

बार्शीहून पुणे रस्त्याने सुमारे दोनशे किलोमीटर. पुढे चेन्नई, बेंगळूरु किंवा कोलकाता येथे विमान बदलावे लागते. चेन्नई आणि कोलकाता या दोन्ही ठिकाणांहून पोर्ट ब्लेअर सुमारे तेराशे ते चौदाशे किलोमीटरवर आहे. उड्डाण दोन-सव्वादोन तासांचे. हा सारा प्रवास एका दमात करण्याचा मोह टाळावा. वाटेत एक रात्र मुक्काम केल्याने खर्च वाढतो, पण पहिले दोन दिवस थकव्यात वाया जात नाहीत. विमानतळावर चाकांची खुर्ची हवी असल्यास तिकीट काढतानाच नोंदवावी. अण्णांना आरंभी ती नको होती. "अजून मी चालतो," असे ते म्हणाले. "चालता येते म्हणूनच ते चालणे समुद्रासाठी राखून ठेवू या," असे आईने म्हटल्यावर ते खुर्चीत बसले.

पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झाले आहे. बोलण्यात अजून जुनेच नाव चालते. हे गाव टेकड्यांवर वसलेले आहे. ज्या हॉटेलातून समुद्र उत्तम दिसतो ते बहुधा चढावर असते आणि तेथे पायऱ्याही अधिक असतात. पहिल्या मापात पोर्ट ब्लेअर म्हणूनच कमी पडते. मात्र दुसऱ्या मापात या द्वीपसमूहातील दुसरे कोणतेही ठिकाण त्याची बरोबरी करू शकत नाही. मोठे शासकीय रुग्णालय येथेच आहे, आणि ते कोठे आहे हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. सेल्युलर कारागृहाचे बांधकाम १८९६ ते १९०६ या काळातले; मूळच्या सात शाखांपैकी आज तीनच उभ्या आहेत. त्याच कारागृहाच्या आवारात १९६३ मध्ये गोविंद वल्लभ पंत रुग्णालय सुरू झाले. जेथे माणसांना झिजवण्यासाठी आणले जाई, तेथेच आता माणसे बरी होण्यासाठी जातात.

मुक्कामाची जागा शोधताना मी गावातील समुद्रदृश्याची हॉटेले बाजूला ठेवली आणि कॉर्बिन्स कोव्हच्या बाजूला तळमजल्यावरची खोली घेतली. नारळांनी वेढलेली ही लहानशी खाडी गावापासून सहा-सात किलोमीटरवर आहे. रस्ता किनाऱ्याकिनाऱ्याने जातो, रिक्षा-टॅक्सी मिळतात. पाण्यात उतरण्याविषयीचे फलक आणि जीवरक्षकांच्या सूचना मात्र येथे काटेकोरपणे पाळाव्यात. अंदमानच्या काही किनाऱ्यांवर खाऱ्या पाण्यातील मगरींचा वावर आहे. आम्ही तेथे काठावरच बसलो, आणि बसण्यासाठी ती जागा फार चांगली आहे.

सावरकरांची कोठडी कारागृहाच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, ओळीच्या टोकाला आहे. ज्येष्ठांसाठी हा जिना म्हणजे या प्रवासातली खरी कसोटी. सकाळी लवकर जावे, ऊन चढण्याआधी. अण्णांनी प्रत्येक टप्प्यावर थांबून, श्वास घेऊन, कठड्याला धरून तो जिना चढला. त्यांना घाई करणारे कोणी नव्हते, कारण त्या दिवसाच्या कार्यक्रमात दुसरे काहीच ठेवलेले नव्हते. १९११ ते १९२१ या काळात सावरकर या कारागृहात होते. साडेतेरा फूट बाय साडेसात फुटांच्या त्या खोलीत अण्णा काही वेळ नुसते उभे राहिले, मग दाराबाहेर येऊन ओटीवर बसले. कितीतरी वेळ ते काही बोलले नाहीत. आईला जिना जमणार नव्हता. ती खाली अंगणात, सावलीत बसून होती. सायंकाळी ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम असतो. तो बसून पाहता येतो, त्यामुळे जे जिना चढू शकत नाहीत त्यांच्याही पदरी ती वास्तू रिकामी राहत नाही.

स्वराज द्वीप: पाण्याचे वैभव, पायांची परीक्षा

पूर्वीचे हॅवलॉक, २०१८ पासून स्वराज द्वीप. पोर्ट ब्लेअरहून बोटीने साधारण दीड ते अडीच तास लागतात. येथील राधानगर किनारा जगभर वाखाणला गेला आहे; 'टाइम' नियतकालिकाने २००४ मध्ये त्याला आशियातील सर्वोत्तम म्हटले होते. सुमारे दोन किलोमीटर पसरलेली मऊ, सपाट वाळू, मागे उंच वृक्षांची गर्द सावली आणि समोर सूर्यास्त. गुडघे दुखणाऱ्याला अशा घट्ट, ओल्या वाळूवरून चालणे सुसह्य जाते.

अडचण मुक्कामाची आहे. राधानगर धक्क्यापासून दहा-बारा किलोमीटर, बेटाच्या पश्चिम अंगाला. बहुतेक रिसॉर्ट मात्र पूर्व किनाऱ्यावर. तेथे ओहोटीला पाणी खूप आत जाते आणि मधला पट्टा खडक व प्रवाळांनी भरलेला उघडा पडतो. छायाचित्र भरतीच्या वेळी काढलेले असते. आपण पोहोचतो तेव्हा ओहोटी असू शकते. भरती-ओहोटीच्या वेळा रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकतात, म्हणून आपल्या मुक्कामाच्या दिवसांतील वेळा रिसॉर्टला आधीच विचाराव्यात. पुष्कळ ठिकाणी खोल्या म्हणजे जमिनीपासून उंच बांधलेल्या लाकडी कुटी असतात. चढायला चार-पाच अरुंद पायऱ्या, कठडा असेलच असे नाही. रात्री उठावे लागणाऱ्या माणसाला त्या पायऱ्या धोक्याच्या. ज्यांचे पाय मजबूत आहेत, ज्यांना पोहायची आवड आहे, अशा साठी-पासष्टीच्या मंडळींनी स्वराज द्वीप अवश्य निवडावे. एलिफंट बीचसारखी ठिकाणे, जेथे जंगलवाट तुडवावी लागते किंवा हलत्या छोट्या बोटीत चढ-उतार करावा लागतो, ती नातवंडांसाठी सोडून द्यावीत.

शहीद द्वीप: लहान बेट, लहान अंतरे

आम्ही मुक्काम केला तो शहीद द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या नीलवर. बेट इतके लहान की रिक्षाने अर्ध्या तासात एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाता येते. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांची येथे वस्ती आहे. भाताची खाचरे, भाजीचे मळे, दारात केळी आणि पपया. शेतीवर वाढलेल्या अण्णांना समुद्राइतकाच या मळ्यांचा आनंद झाला. वांगी आणि दुधी पाहून त्यांनी रिक्षा दोनदा थांबवली. किनाऱ्यांची नावे तर आईच्या तोंडची: भरतपूर, सीतापूर, लक्ष्मणपूर, रामनगर.

भरतपूरचा किनारा धक्क्याजवळ आहे आणि तेथील पाणी उथळ आहे. रिसॉर्टवाल्याला मी आधी दूरध्वनीवर एकच काम सांगितले होते: "खोलीच्या दारापासून वाळूपर्यंत चालत जा आणि पावले मोजून सांगा." पलीकडचा माणूस क्षणभर गप्प झाला, मग मोजून आला. साठ पावले, दोन पायऱ्या. तेथेच खोली पक्की झाली. त्या साठ पावलांमुळे आई पहाटे कोणालाही न उठवता, काठी घेऊन, एकटी किनाऱ्यावर जाऊ शकली. एकटीने पाण्यात उतरायचे नाही, एवढेच ठरले होते. घरी तिला जिन्यावरून उतरायचे तरी कोणाचा हात लागतो. सुट्टीत तिला समुद्र मिळाला हे खरे. पण तिच्या बोलण्यात अजून येते ते "मी एकटी जाऊन आले" हेच.

दुसऱ्या मापात शहीद द्वीप अर्थातच दुबळे. स्वराज आणि शहीद या दोन्ही बेटांवर प्राथमिक उपचाराची सोय आहे. गंभीर प्रसंगी पोर्ट ब्लेअर गाठावे लागते. प्रवासी बोटी दिवसा चालतात आणि समुद्र खवळला तर रद्दही होतात. म्हणून ज्यांचे दुखणे स्थिर आहे अशांनीच येथे रात्री काढाव्यात, आणि त्याही दोन. बाकीचे दिवस पोर्ट ब्लेअरचे. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी पोर्ट ब्लेअरला पोहोचलेले असावे. बेटावरून थेट विमानतळ गाठण्याचा बेत वृद्धांच्या जिवाला घोर लावतो.

सूर्य तासभर आधी मावळतो

अंदमानात घड्याळ भारताचेच, पण सूर्य तेथे बार्शीपेक्षा एक तासाहून अधिक आधी उगवतो आणि मावळतो. हिवाळ्यात सायंकाळी साडेपाचच्या सुमारास अंधार पडू लागतो. घरी दुपारचा चहा झाल्यावर फिरायला निघण्याची सवय असलेल्यांची ती वेळच हातून जाते. त्यामुळे दिवस पहाटे सुरू करावा आणि दुपार झोपेला द्यावी. औषधे मात्र घड्याळाप्रमाणे, आणि इन्सुलिन जेवणाच्या वेळेशी जोडूनच घ्यावे. अंधार पडला म्हणून जेवण आधी झाले, पण औषध नेहमीच्या वेळी, असा घोळ होऊ देऊ नये. लवकर होणाऱ्या अंधारामुळे पडण्याचा धोकाही वाढतो. प्रत्येक ज्येष्ठाच्या उशाशी स्वतंत्र विजेरी हवी.

हवेतील फरक याहून मोठा. आपल्याकडचे ऊन कोरडे. घाम येतो आणि वाळतो. तेथे तापमान बार्शीच्या उन्हाळ्याइतके चढत नाही, पण दमटपणामुळे घाम वाळत नाही आणि शरीर थकते. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पीत राहावे. ज्यांना हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे प्रमाण बांधून दिले आहे, किंवा जे लघवी वाढवणारी गोळी घेतात, त्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवून घ्यावे. मे महिन्यापासून पाऊस सुरू होतो आणि तो दोन्ही मोसमी वाऱ्यांचा असल्याने वर्षअखेरपर्यंत रेंगाळतो. जानेवारी ते मार्च हा काळ ज्येष्ठांना सर्वांत मानवतो.

मधुमेहींनी पायांची काळजी विशेष घ्यावी. संवेदना कमी झालेल्या तळव्याला तापलेली वाळू कळत नाही आणि प्रवाळाची धारही कळत नाही. पाण्यातसुद्धा पायात बंद, न घसरणारे पादत्राण असावे आणि रोज रात्री तळवे दुसऱ्याने पाहावेत. आईचे तळवे पाहण्याचे काम अण्णांनी स्वतःकडे घेतले होते. बोटीत मळमळ होत असेल तर मधल्या भागातील आसन घ्यावे, हलके खावे आणि दूर क्षितिजाकडे पाहावे. मळमळीच्या काही गोळ्यांनी वृद्धांना गुंगी येते, गोंधळल्यासारखे होते किंवा लघवी अडते. तेव्हा त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. सर्व औषधे दुप्पट दिवसांची आणि हातातल्या पिशवीत.

खोली पक्की करण्यापूर्वी

दूरध्वनीवर विचारावयाचे प्रश्न थोडेच आहेत, पण ते स्वतः विचारावेत. खोली तळमजल्यावर आहे का? दारापासून वाळूपर्यंत किती पावले, किती पायऱ्या, आणि कठडा आहे का? शौचालय खुर्चीचे आहे का, शेजारी धरायला दांडी आहे का, फरशी ओली झाल्यावर घसरते का? स्नानगृहात प्लास्टिकची खुर्ची मिळेल का? वीज गेल्यास रात्री दिवा राहतो का? बिनतिखटाचे, मऊ भात-वरण मिळेल का, आणि ते सायंकाळी सातला मिळेल का? रात्री गरज पडली तर वाहन आणि चालक आवारात असतो का? ज्या ठिकाणी या प्रश्नांची उत्तरे न कंटाळता मिळतात, तेथे पाहुण्याची काळजीही घेतली जाण्याचा संभव अधिक.

शेवटचा विचार सांभाळणाऱ्यांचा. दोन वृद्ध आणि एकच मूल असा प्रवास करू नये. सांभाळणाऱ्यालाही रोज दोन तास स्वतःचे हवेत. पोहायला, झोपायला किंवा नुसते गप्प बसायला. या दोन तासांची पाळी निघण्यापूर्वीच घरात ठरवून घ्यावी.

आणि डॉक्टरांनी विमानप्रवासाला किंवा दूरच्या बेटाला नकार दिला, तर तो नकार मनाला लावून घेऊ नये. गणपतीपुळे बार्शीहून पंढरपूर, मिरज, कोल्हापूर आणि आंबा घाटाच्या मार्गाने सुमारे चारशे किलोमीटर आहे. कोल्हापूरला मुक्काम करून दोन दिवसांत सावकाश जावे. मंदिर अगदी किनाऱ्याला लागून आहे, आणि रत्नागिरीसारखे जिल्ह्याचे ठिकाण तासाभरावर. तेथील समुद्र उतरता आणि फसवा असल्याने पाण्यात उतरू नये. पण काठावर बसणाऱ्याला त्या समुद्रातही काही उणे नाही. बेट कोणते, किनारा कोणता, हे त्यानंतर ठरते. आधी घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाची पावले मोजावीत, आणि तेवढ्या पावलांत बसेल तो समुद्र निवडावा.